ध्वनिपेटी : वाद्य की साक्षीदार?

संगीताविषयी आपण लिहितो तेव्हा गायकाविषयी लिहितो, रागाविषयी लिहितो, फार झाले तर साथीदारांविषयी दोन शब्द खर्ची घालतो. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांच्या कानी जे संगीत पडते ते गायकाच्या कंठातून थेट येत नाही. ते एका पेटीतून येते. या पेटीविषयी मात्र आपली समीक्षा मौन पाळते. घरात संगीत ऐकण्यासाठी जे उंची ध्वनिक्षेपक विकले जातात त्यांच्या किमती लाखांत मोजल्या जातात, क्वचित कोटींतही; आणि त्या किमतीचा मोठा वाटा आतल्या यंत्राचा नसून बाहेरच्या पेटीचा असतो. जिच्यासाठी इतके द्रव्य वेचावयाचे त्या वस्तूचे गुणदोष पारखणे हेही समीक्षेचेच काम आहे. मी व्यवसायाने वकील आहे, ध्वनिशास्त्राचा पंडित नव्हे. पण साक्षीदाराचे बोलणे किती त्याचे स्वतःचे आणि किती पढवलेले, हे ताडून पाहण्याची सवय या व्यवसायाने मला लावली आहे. तिच्याच बळावर हा लेख लिहीत आहे.

निमित्त घरगुती आहे. माझी आई फोंड्याकडची. १९८६ साली गावच्या देवळात भजनी सप्ताहाच्या रात्री तिने म्हटलेल्या दोन अभंगांची एक कॅसेट आमच्या घरी आहे. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. थोरली अक्का कॉलेजात होती. पुढे काही वर्षांतच आई गेली. ती कॅसेट एका जाणकार स्नेह्याने अलीकडे संगणकावर उतरवून दिली, आणि ती नीट ऐकता यावी म्हणून मी बेळगावच्या घरी ध्वनिक्षेपकांचे दोन जोड पारखण्यासाठी आणवले. एक मोठा, शिसवी रंगाच्या झिलईने चकाकणारा, दोघांनी उचलावा असा. दुसरा लहान, साधा, कोनाड्यात मावणारा. मोठ्या जोडावर कॅसेट लावली. आई काळी पाचमध्ये गात असे. ती पंचमावर आली मात्र, आवाज असा भरून आला की अक्काच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. लहान जोडावर तोच पंचम पुष्कळच सडपातळ वाटला. विक्रेता म्हणाला, "पाहिलंत वकीलसाहेब? पेटी कशी बोलते!" त्याने हे वाक्य प्रशंसेखातर उच्चारले होते. मला मात्र ते आरोपपत्रातील पहिले कलम वाटले.

पेटीने बोलावे काय, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी पेटी मुळात लागते कशासाठी, हे पाहिले पाहिजे. आज ज्या जातीचा ध्वनिक्षेपक घरोघरी आहे त्याचे व्यवहार्य रूप अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडले. कागदाचा एक शंकू, त्याच्या मुळाशी तारेचे वेटोळे, ते वेटोळे चुंबकाच्या फटीत. विजेचा प्रवाह हालला की शंकू पुढेमागे हालतो. शंकू पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी पाठची हवा विरळ होते. म्हणजे शंकू एकच गोष्ट दोन तोंडांनी सांगतो, आणि ती दोन तोंडे परस्परविरुद्ध सांगतात. तार स्वरांच्या लहरी आखूड असल्याने त्यांना वळसा घालणे जड जाते. सेकंदास ३४०० कंपनांच्या स्वराची लहर अवघी १० सेंटिमीटर असते. परंतु सेकंदास ३४ कंपनांच्या खर्जाची लहर १० मीटर लांब! ती शंकूच्या कडेवरून सहज मागे जाते, मागची पुढे येते, आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात. उघड्या शंकूतून खर्ज ऐकू येत नाही तो यामुळे. पेटीचे पहिले काम हे की पाठीमागच्या तोंडावर हात ठेवणे.

पण हात ठेवला म्हणून तोंड गप्प बसत नाही. कोंडलेल्या त्या ध्वनीचे काय करावयाचे, यावरून कारागिरांत पंथ पडले. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांनी १९३२ साली पेटंट मिळवले त्या योजनेत पेटीला एक भोक ठेवलेले असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जो हुंकार निघतो त्याच तत्त्वावर ते भोक खर्जाला हातभार लावते. पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकावयास आणलेल्या पेटीत शंकूचा ध्वनी आतल्या नागमोडी कर्ण्यातून फिरवून खोलीच्या कोपऱ्यात सोडलेला असतो. खोलीच्या दोन भिंतीच कर्ण्याचा शेवटचा भाग होतात. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही संस्था काढली आणि नेमके उलट केले. त्यांनी पेटी सर्व बाजूंनी बंद केली, शंकूची बैठक मुद्दाम सैल ठेवली, आणि आत कोंडलेल्या हवेकडूनच स्प्रिंगचे काम करून घेतले. हवेची स्प्रिंग कापडाच्या वा कागदाच्या स्प्रिंगहून अधिक समतोल असते. त्यामुळे लहान पेटीतून स्वच्छ खर्ज निघू लागला.

या तिन्ही पंथांतील कोणाचाही सर्वस्वी विजय झालेला नाही, आणि होणारही नाही. के. एल. एच. या संस्थेच्या संस्थापकांपैकी हॉफमन यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे : खोल खर्ज, लहान आकार, आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच मागा, तिसरे मिळणार नाही. क्लिप्श यांनी आकार सोडला. व्हिलचर यांनी आवाजाची उदारता सोडली. नंतर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी, आणि सत्तरीच्या दशकात सिडनीतच संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी हा सारा हिशेब गणितात बसवला. तेव्हापासून भोक किती मोठे आणि पेटी किती लिटरची हे प्रश्न अंदाजाचे राहिले नाहीत. म्हणून त्यांवर मी अधिक शाई खर्च करीत नाही. जो वाद अद्याप निकाली निघालेला नाही तो निराळाच आहे, आणि तो पेटीच्या फळ्यांचा आहे.

मागचा ध्वनी आत कोंडला की तो फळ्यांना धक्के देतो. शंकूचे चुंबक ज्या पुढच्या फळीवर स्क्रूने आवळलेले असते तिलाही उलट हिसके बसतात. फळी म्हणजे ताणलेले कातडे नव्हे, तरीही तिला आपला एक स्वर असतोच. टिचकी मारून पाहावी. हा स्वर संगीतात आला की फळी त्याच्याबरोबर थरारू लागते, आणि संगीत पुढे गेले तरी ती क्षणभर तशीच थरारत राहते. तिचा थरार सूक्ष्म असतो खरा, पण तिचे क्षेत्रफळ सूक्ष्म नसते. एखादी ३० सेंटिमीटर उंच, १९ रुंद आणि १६ खोल अशी छोटी पेटी घेतली तरी तिच्या सहा फळ्या मिळून सुमारे २७०० चौरस सेंटिमीटर भरतात. आतला शंकू शंभराच्या आसपास. म्हणजे ज्याला बोलावयाचा अधिकार आहे त्याच्या वीसपटींहून अधिक मोठा जमाव, ज्याला अधिकार नाही असा, त्याच्या भोवती उभा आहे. तो कुजबुजला तरी ऐकू येणारच.

या जमावाला गप्प कसे करावे? पहिला उपाय दंडशक्तीचा. यॉर्कशरचे गिल्बर्ट ब्रिग्ज हे व्हार्फडेल या कारखान्याचे संस्थापक. त्यांनी प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरली. वाजणाऱ्या घंटेवर तळहात ठेवला की तिचा नाद विरतो. वाळूचे कण तेच करतात. एकमेकांवर घासून ते कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरवतात. हा उपाय स्वस्त आणि अचूक होता. त्याचा दोष एवढाच की पेटी हालवणे म्हणजे गड चढणे. पुढच्या पिढ्यांनी याच दिशेने द्रव्य ओतले. इंग्लंडच्या बी अँड डब्ल्यू या कारखान्याने ऐंशीच्या दशकात मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे एकमेकांत गुंफलेल्या आडव्याउभ्या फळ्यांचे जाळे पेटीत बसवले. सेलेस्टियनने त्याच दशकात विमानांसाठी बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पत्र्याची पेटी केली. ती जड नव्हती, पण कमालीची ताठ होती. अमेरिकेत युटा राज्यातील विल्सन ऑडिओने कृत्रिम राळेची घट्ट मिश्रणे वापरली. कॅलिफोर्नियातील मॅजिको हा कारखाना तर ॲल्युमिनियमचे ठोकळे यंत्रावर कोरून पेट्या जुळवतो. या साऱ्यांचा युक्तिवाद एक : फळी इतकी ताठ करा की तिचा स्वतःचा स्वर वर चढावा. वरच्या पट्टीत तिला हालवणारी ऊर्जा कमी असते, आणि जिरवणेही सोपे जाते.

दुसरा उपाय याच्या नेमका विरुद्ध आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील तो सर्वांत बुद्धिमान उपाय होय. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या संशोधन विभागात डडले हारवुड आणि त्यांचे सहकारी यांनी तो सिद्ध केला. त्यांना घर सजवावयाचे नव्हते. बोलणाऱ्याचा आवाज जसा आहे तसा ऐकू येतो की नाही, हे नभोवाणीच्या तंत्रज्ञाला कळावे एवढीच त्यांची गरज. माणसाच्या आवाजाविषयी आपला कान फार चिकित्सक असतो. शेजारच्या खोलीतला खोकला कोणाचा हेही आपण ओळखतो. हारवुड यांनी विचार केला तो असा : जाड फळी ताठ असते, पण तिचा स्वर नेमका मानवी आवाजाच्या मध्यावर जाऊन बसतो, आणि ती जाड असल्यामुळे तिच्यावर लावलेला लेप तिच्यापुढे दुबळा ठरतो. उलट फळी पातळ ठेवली तर तिचा स्वर खाली उतरतो, जिथे कान कमी चिकित्सक आहे. आणि फळी हलकी असल्यामुळे डांबरी लेपाचे वजन तिच्या वजनाच्या तोडीचे होऊन तिला खरोखरच आवरू शकते. अंगापिंडाने दांडग्या माणसाला धरून ठेवण्यापेक्षा किरकोळ माणसाला धरून ठेवणे सोपे, असा हा व्यवहार आहे.

या विचाराचे प्रसिद्ध अपत्य म्हणजे एल. एस. ३/५ ए ही सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात तयार झालेली छोटी पेटी. वर मी जी मापे दिली ती तिचीच. बाहेरगावच्या ध्वनिक्षेपणाला जाणाऱ्या मोटारगाड्यांत जागा थोडी असे. त्या अरुंद जागेसाठी ती बेतली होती. भिंती १२ मिलिमीटर बर्च प्लायवुडच्या, आत डांबरी पट्ट्या, पुढची फळी सरसाने चिकटवलेली नव्हे तर स्क्रूने आवळलेली, तार स्वरांच्या छोट्या घुमटाभोवती नमद्याच्या पट्ट्या. कोपऱ्यांतील आधाराच्या पट्ट्या बीच लाकडाच्या असाव्यात असा दंडक होता. त्यांच्या जागी पराना पाइन हे हलक्या जातीचे लाकूड वापरले तेव्हा आवाजात रंग चढल्याचे आढळून आले, अशी नोंद आहे. ही नोंद मला फार बोलकी वाटते. वीतभर पेटीच्या आतील, कोणाच्याही दृष्टीस न पडणारी बोटभर पट्टी. पण कानाने तिचीही साक्ष नोंदवली.

तथापि या पेटीचे जे स्तोत्र गेली पन्नास वर्षे गायले जात आहे त्यात सूर मिसळण्यापूर्वी तिचे दोषही सांगितले पाहिजेत. तिला खरा खर्ज नाही. मंद्राच्या वरच्या अंगाला जरा फुगवटा देऊन तिने खर्जाचा आभास निर्माण केला आहे. मोठ्या आवाजात ती दमते. मोटारगाडीतील तंत्रज्ञाला हे चालणारे होते. दिवाणखान्यात पखवाज ऐकू पाहणाऱ्याला ते चालेलच असे नाही. शिवाय पातळ फळीचा सिद्धांत छोट्या पेटीला जितका शोभतो तितका मोठ्या पेटीला शोभत नाही. आणखी एक मुद्दा. लेपाने आवरलेला अनुनाद उंचीने कमी होतो, पण पसरट होतो. आणि १९८८ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवून दिले की उंची सारखी असता, तीक्ष्ण व अरुंद अनुनादापेक्षा पसरट अनुनाद कानाला अधिक सहज कळतो. म्हणजे केवळ लेप लावून भागत नाही. तो इतका लावावा लागतो की उंचीतली घट पसरटपणाच्या तोट्याला पुरून उरावी.

येथे आपल्या संगीताच्या दृष्टीने एक विचार मला सुचतो. तीक्ष्ण अनुनाद सहज कळत नाही याचे एक कारण असे की त्याला जागे व्हावयास वेळ लागतो. संगीत त्याच्यावरून घाईने निघून गेले तर तो झोपलेलाच राहतो. पाश्चात्य वाद्यवृंदात, जिथे स्वर भराभर बदलतात, तिथे त्याला पुष्कळदा सूट मिळते. परंतु आपल्याकडे तंबोरा एका षड्जावर नि पंचमावर तासन् तास उभा असतो. गायक षड्जावर चार चार सेकंद विसावतो. सेकंदास ३०० कंपनांच्या आसपास अडकलेल्या एखाद्या तीक्ष्ण अनुनादाला पुरते जागे व्हावयास सेकंदाचा पाव हिस्साही पुष्कळ. म्हणून जी पेटी वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणावर निर्दोष सुटली ती आपल्या ख्यालावर वा अभंगावर दोषी ठरण्याचा संभव आहे. परदेशी परीक्षकाचा निवाडा आपल्याला जशाचा तसा बंधनकारक मानता येत नाही, तो यासाठी.

तिसरा पंथ म्हणतो, गप्प करताच कशाला? लाकूड गाते तर गाऊ द्या. व्हायोलिन गाते, पियानोची फळी गाते, मग ध्वनिक्षेपकाने काय पाप केले? व्हिएन्नाचा बोझेनडॉर्फर हा पियानो करणारा जुना कारखाना. त्याने या शतकाच्या पहिल्या दशकात असे ध्वनिक्षेपक काढले की ज्यांत कंप पावणाऱ्या फळ्यांना मुद्दाम वाव दिलेला होता. इटलीच्या सोनुस फाबेरचे संस्थापक फ्रांको सेर्ब्लिन यांनी नव्वदीच्या दशकापासून ल्यूट वाद्याच्या पाठीसारख्या वळणदार पेट्या घडवल्या आणि त्यांना ग्वार्नेरी, आमाटी, स्ट्राडिव्हारी या व्हायोलिनकारांची नावे दिली. सेर्ब्लिन यांच्यावर मात्र अन्याय होऊ नये. त्यांच्या पेटीचे वळण नुसते शोभेचे नाही. वाकलेली फळी सपाट फळीहून ताठ असते, आणि समोरासमोर समांतर भिंती नसल्यामुळे आत ध्वनीची येरझार कमी होते. समांतर भिंतींत ३० सेंटिमीटर अंतर असेल तर सेकंदास सुमारे ५७० कंपनांचा स्वर त्यांच्यामध्ये अडकून घुमतो. वळण शास्त्राला धरून आहे. माझा आक्षेप आहे तो नावाला, आणि त्या नावामागच्या उपमेला.

मिरजेला जाऊन तंबोऱ्याचा भोपळा कसा निवडतात ते ज्याने पाहिले असेल त्याला वाद्य म्हणजे काय हे सांगावयास नको. भोपळ्याची जाडी, तबलीचे लाकूड, घोडीवरची जवारी, यांतील प्रत्येक गोष्ट तारेच्या स्वरात आपली भर घालते आणि घालावी अशीच अपेक्षा असते. पण तंबोरा फक्त तंबोऱ्याचे स्वर वाजवतो. त्याची भर त्याच्या स्वतःच्या बोलण्यात आहे. ध्वनिपेटीला मात्र आज तंबोरा, उद्या सनई, परवा एखाद्या गृहस्थाचे भाषण सांगावयाचे असते. तिने आपली भर घातली तर ती सनईतही पडते, भाषणातही पडते, आणि तंबोऱ्यात तर भोपळ्यावर दुसरा भोपळा बसतो. कारण पहिला भोपळा ध्वनिमुद्रणात आधीच आलेला आहे. कीर्तनकाराने कथेत आपला रंग भरावा, तो त्याचा अधिकार आहे. पण तीच मुभा पंचनाम्यातील साक्षीदाराला मिळाली तर न्याय उरणार नाही. ध्वनिपेटी ही कीर्तनकार नव्हे, साक्षीदार आहे. बोलणाऱ्या पेटीचे कौतुक करणारे लोक हा भेद विसरतात.

मग पेटीच नको, असे म्हणणारेही झाले, आणि त्यांची बाजू दुबळी नाही. पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेला क्वाड हा स्थिरविद्युत ध्वनिक्षेपक पाहावा. एक पातळ पडदा, दोन बाजूंना जाळ्या, पाठीला पेटी नाही. त्याच्या मध्यसप्तकाची पारदर्शकता आजही मापदंड म्हणून सांगितली जाते. पण निसर्ग आपली वसुली सोडत नाही. पेटी गेली तसा खोल खर्ज गेला, आणि मागे निघालेला ध्वनी खोलीच्या भिंतीवर आपटून येऊ लागल्याने आता खोलीच पेटी झाली. एक साक्षीदार गेला, दुसरा आला.

पेटीच्या बाह्य आकाराचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. आर. सी. ए.चे हॅरी ऑल्सन यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच ध्वनिक्षेपक निरनिराळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून मोजला. गोल सर्वांत निर्मळ, समघन पुष्कळच वाईट. कारण ध्वनी पेटीच्या धारेपाशी पोचला की तेथे दुसऱ्यांदा जन्म घेतो. आणि सर्व धारा सारख्याच अंतरावर असल्या की ते सारे पुनर्जन्म एकाच वेळी कानाशी येऊन गोंधळ घालतात. कडा गोलावणे, शंकू मध्यापासून ढळता बसवणे, नमदा लावणे, हे सर्व उपाय त्यातून निघाले. बी अँड डब्ल्यूसाठी लॉरेन्स डिकी यांनी घडवलेला आणि १९९३ साली पुढे आलेला नॉटिलस हा शंखाकृती ध्वनिक्षेपक पाहून पुष्कळांना वाटते की ही शिल्पकाराची हौस आहे. वास्तविक त्याच्या पाठच्या लांब निमुळत्या नळ्या मागचा ध्वनी हळूहळू जिरवण्यासाठी आहेत, आणि धारदार कडा कुठेही नाही. त्याचे सौंदर्य त्याच्या कामातून आले आहे. म्हणूनच ते डोळ्यांना टिकाऊ वाटते. उलट काही श्रीमंती पेट्यांवर जे सोनेरी पट्टे आणि लाखेचे सात थर दिसतात ते कोणत्या कंपनाला आवरतात, हे विक्रेत्याला विचारून पाहावे.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर कानांवरील त्यांच्या सत्तेचाही विचार करू. टूल आणि ऑलिव्ह यांनीच १९९४ मध्ये चाळीस श्रोत्यांना, जे त्यांच्याच कंपनीचे कर्मचारी होते, चार ध्वनिक्षेपक दोनदा ऐकवले : एकदा पडद्याआड, एकदा उघड्यावर. पडद्याआड जो लहान व स्वस्त संच चांगले गुण मिळवून गेला होता तो डोळ्यांना दिसताच खाली घसरला; मोठे, देखणे, महाग ध्वनिक्षेपक वर चढले. आवाज तोच, कानही तेच. ओळखपरेडीत आरोपीचे छायाचित्र साक्षीदाराला आधी दाखवले तर न्यायालय त्या ओळखीला किती किंमत देईल? आपण दुकानात जाऊन रोज तशीच परेड घेतो. व्हिलचर यांनी हे फार पूर्वी ओळखले असावे. त्यांचा ए. आर. ३ हा प्रसिद्ध ध्वनिक्षेपक रोगण न केलेल्या साध्या लाकडातही कमी किमतीत मिळत असे. आणि फाइन आर्ट्स क्वार्टेट या चौकडीचे प्रत्यक्ष वादन आणि तिचे ध्वनिमुद्रण आळीपाळीने ऐकवून ते श्रोत्यांनाच फरक ओळखावयास सांगत.

आपल्याकडील एका समजुतीविषयीही दोन शब्द. उत्तम पेटी म्हणजे अस्सल सागवानाची, असे मानून कित्येक हौशी गृहस्थ ओळखीच्या सुताराकडून भरीव सागाच्या पेट्या करवून घेतात. फर्निचराच्या दृष्टीने ते ठीक आहे. परंतु भरीव लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. त्याचे सांधे सुटले की हवाबंद पेटी हवाबंद राहत नाही. शिवाय रेषेच्या दिशेने ते ताठ आणि आडव्या दिशेने मऊ असते. प्लायवुडचे थर एकाआड एक आडवेउभे चिकटवलेले असल्याने त्यात हा दोष नसतो. कारखाने बहुधा दाबलेल्या लाकडी तंतूंची एम. डी. एफ. फळी वापरतात, कारण ती सर्वत्र एकसारखी असते; मात्र कोकण-गोव्याच्या दमट हवेत तिच्या उघड्या कडा फुगतात हे ध्यानी ठेवावे. सागाचा मान सागाला द्यावा. पण तो देव्हाऱ्यात, ध्वनिपेटीत नव्हे.

आता पुन्हा त्या कॅसेटकडे. विक्रेता गेल्यावर मी मोठ्या जोडाची उलटतपासणी घेतली. मोबाइलमधून शुद्ध स्वर खालून वर हळूहळू सरकवीत नेला आणि पेटीच्या बाजूच्या फळीवर तळहात टेकवून बसलो. सेकंदास ३५० कंपनांच्या जवळ येताच फळी हाताखाली स्पष्ट थरारली. काळी पाचचा षड्ज सेकंदास सुमारे २३३ कंपनांचा. त्याचा पंचम ३५०चा. मग बातम्या लावल्या : निवेदकाचा आवाज त्याच जागी भरून आला. क्लॅरिनेट लावले : तेही तिथेच भरून आले. गुन्हा शाबीत झाला. आईचा म्हणून जो पंचम आम्ही ऐकला त्यातला काही भाग फळीचा होता.

मी हे सारे मोठ्या उत्साहाने अक्काला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "असू दे रे. पण पंचमावर आईचा आवाज असाच भरून यायचा. तू लहान होतास, तुला काय आठवणार?"

या साक्षीला माझ्याकडे उत्तर नव्हते. ती त्या रात्री सभामंडपात आईच्या मागे टाळ घेऊन बसली होती. मी पेंगत होतो. साध्या कॅसेटच्या यंत्राने आईचा पंचम पुरता टिपला नसेल आणि विक्रेत्याच्या दोषी फळीने तो योगायोगाने भरून काढला असेल, हे अशक्य नाही. परंतु जो साक्षीदार प्रत्येक प्रश्नाला होच म्हणतो त्याचे एखादे हो खरे निघाले तरी त्यावर निकाल देता येत नाही. कारण ते खरे होते हे त्याच्या तोंडून आपल्याला कधीच कळत नाही, दुसऱ्या कोणाकडून तरी कळावे लागते. येथे ते अक्काकडून कळले. पेटीकडून नव्हे.

मी लहान जोड ठेवून घेतला आणि मोठा परत पाठवला. अक्का फोंड्याहून येते तेव्हा आम्ही ती कॅसेट लावतो. पंचम येतो, साधा, कॅसेटने जेवढा टिपला तेवढाच. अक्का डोळे मिटून घेते, आणि त्याच्यात जे उणे आहे ते आपल्या आठवणीने भरते. मला ते भरता येत नाही. पण ती जे भरते ते तिचे आहे आणि पेटीतून जे येते ते कॅसेटचे आहे, एवढा भेद त्या खोलीत शाबूत राहतो.